कोपराखाली चार बोटं

टेम्पोतून कपाटं उतरत होती आणि मी दारात उभी राहून त्यांना नावं ठेवत होते.

"हा रंग कसला म्हणायचा रे? हिरवा का पिवळा?"

"पिस्ता आहे आई तो," रणजित म्हणाला. कपाटाचं एक टोक त्याच्या हातात होतं, दुसरं टेम्पोवाल्याच्या. "डॉक्टरांच्या मॅडमनी खास मागवला होता."

"मग आता नकोसा का झाला?"

"त्यांना नवीन पाहिजे. आपल्याला हेच नवीन. जरा बाजूला हो."

मी बाजूला झाले. रणजित, माझा एकुलता एक मुलगा, मिरजेत एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायच्या कामाला होता. तिथल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यातलं स्वयंपाकघर नव्यानं होत होतं. त्यांची जुनी कपाटं यानं उचलली. खाली बसणारी सहा आणि वर टांगायची तीन, सगळी मिळून नव्या दोन कपाटांच्या किमतीत. दीड महिन्यावर त्याचं लग्न होतं. हॉल, कपडे, जेवणावळ यातून जे उरलं होतं त्यात नवीन स्वयंपाकघर कुठलं व्हायला.

एका दाराला मूठ नव्हती. एक ट्रॉली रुळावरून घसरलेली होती. आत डोकं घातलं तर परक्या मसाल्याचा वास. मी रोज मेडिकल कॉलेजच्या मुलांचे सोळा डबे करणारी बाई, मला वास लगेच कळतो. त्या मॅडम दालचिनी फार घालत असणार.

"रॉकेलनं पुसून घेतो सगळी, वैनी," दस्तगीर मिस्त्री म्हणाले. "लाकूड चांगलं हाय. आजकालच्या भुश्श्याच्या फळ्या न्हाईत ह्या."

दस्तगीर मिस्त्री म्हणजे यांचे जुने दोस्त. हे रेल्वेत होते तेव्हापासूनची ओळख. हे जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती, पण दस्तगीरभाऊ ईदेला शीरखुर्मा घेऊन यायचे आणि मला वैनीच म्हणायचे. रणजितचे ते चाचा. घरातलं प्रत्येक दार त्यांच्याच हातचं.

त्यांनी एक कपाट पडवीत उभं केलं, टेप लावली आणि कानावरची पेन्सिल काढली.

"आता सांगा. ओटा किती उंच करायचा? ह्या कपाटास्नी खाली पाच इंचाचा पाया हाय, बघा. पाया ठेवला तर वरचा दगड धरून अडतीस इंच. पाया कापला तर तेहतीस. मधलं काय न्हाई."

"मधलं का नाही?" मी विचारलं.

"पायाचं लाकूड आडवं हाय. अर्धं कापलं तर फाटंल. ठेवायचा न्हाईतर पुरा काढायचा. आणि एकदा कापला की कापला. परत जोडायला मी काय मिरजेचा डॉक्टर न्हाई." ते हसले. "बाईच्या कोपरापास्नं चार बोटं खाली ओटा पायजे. लई खाली गेला तर कंबर जाती, लई वर आला तर खांदं. चला, माप घेऊ."

मी पदर खोचला, पुढं झाले, ताठ उभी राहिले आणि उजवा कोपर दुमडून धरला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी यांनी आमचा कडप्प्याचा ओटा घालून घेतला तेव्हा याच दस्तगीरभाऊंनी असाच माझा कोपर मोजला होता. माझी उंची चार फूट दहा इंच. तेव्हा हे थट्टेनं म्हणाले होते, "मिस्त्री, ओटा कसला, पाटच ठोका."

"चाचा, वृषालीच्या मापानं करा," रणजित म्हणाला. त्यानं शर्टाच्या खिशातून चिठ्ठी काढली. "मी घेऊन आलोय माप. अडतीस बरोबर बसतं तिला. पाया ठेवा."

माझा कोपर तसाच हवेत होता. मग मी त्याच हातानं केस सारखे केले, म्हणजे त्यासाठीच हात वर केला होता असं वाटावं.

"आई, तू आता किती दिवस उभी राहणार?" तो म्हणाला. "लग्नानंतर डबे बंद कर. आता आराम कर तू."

तो प्रेमानंच म्हणाला, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला ऐकू आलं ते एवढंच, की जागा खाली कर.

वृषालीबद्दल सांगायला हवं. तिला रणजितनं स्वतः पसंत केली होती. गडहिंग्लजची मुलगी, सांगलीत एका शाळेत खेळाची शिक्षिका. विद्यापीठाकडून खो-खो खेळलेली. पाच फूट आठ इंच. रणजितपेक्षा इंचभर उंचच. पहिल्यांदा घरी आली तेव्हा दाराच्या चौकटीखालून येताना तिनं मान किंचित झुकवली, तीही सवयीनं. आमच्या घरात आजवर कुणाला त्या चौकटीला मान झुकवावी लागली नव्हती.

त्या दिवशी चहाबरोबर द्यायला मी रव्याचे लाडू केले होते. डबा वरच्या फळीवर. मी स्टूल ओढायला लागले तर ती म्हणाली, "थांबा आई, मी देते," आणि हात वर करून डबा काढला. नुसता हात वर करून. टाचासुद्धा उचलल्या नाहीत. अठ्ठावीस वर्षं मी स्टूलावर चढून तो डबा काढत होते, पोटुशी होते तेव्हाही. रणजित हसला आणि म्हणाला, "चला, आई, तुझं स्टूल रिटायर झालं."

मीही हसले. पण जे पोटात दुखायला लागलं ते लग्न ठरलं, साखरपुडा झाला, तरी थांबलं नाही. मला ती आवडत नव्हती असं नाही. आवडण्यासारखीच होती, तेच तर खुपत होतं. नावं ठेवायला एखादी जागा सापडली असती तर माझं निम्मं दुखणं कमी झालं असतं. रणजित जेवताना सहज बोलून जायचा, "वृषाली आमटीत गूळ घालत नाही," "वृषाली म्हणते भाकरीबरोबर ताक घ्यावं." जन्मभर माझ्या आमटीतला गूळ खाऊन वाढलेला मुलगा. मी म्हणायची, "हो का? बरं," आणि दुसऱ्या दिवशी आमटीत मूठभर गूळ जास्त घालायची.

आणि आता ओटा. हे गेले तेव्हा रणजित अकरावीत होता. पेन्शन तुटपुंजी. त्या कडप्प्यावर मी सोळा-सोळा डब्यांच्या पोळ्या लाटल्या आणि त्याला एक्स-रेच्या कोर्सला घातला. ओटा माझा होता. घर यांच्या नावावर होतं, नंतर रणजितच्या नावावर झालं, पण ओटा माझाच होता. आणि तो आता पाच इंच वर जाणार होता, माझ्या छातीपर्यंत. पोळ्या लाटायच्या तर पाटावर चढावं लागणार. स्वतःच्या स्वयंपाकघरात पाटावर उभी राहून ढोपरं सांभाळणारी म्हातारी. मनाशी म्हटलं, आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. चौपन्न वर्षांची होते मी तेव्हा, काही म्हातारी नव्हते.

मंगळवारी जुना ओटा फोडायचा होता. मला ते बघायचं नव्हतं. मी पडवीत मांडलेल्या शेगडीवर सकाळचे डबे केले, आणि रोज डबे पोचवणाऱ्या पोराकडून पाठवायचे ते त्या दिवशी स्वतःच दोन खेपांत हॉस्टेलवर पोचवले. परत आले तेव्हा कडप्पा चार तुकडे होऊन अंगणात पडला होता आणि भिंतीवर त्याचा पांढुरका पट्टा राहिला होता. दस्तगीरभाऊ पडवीत शांतपणे बिजागऱ्या साफ करत होते. मी त्या तुकड्यांकडे पाहिलं नाही. आत जाऊन देवाजवळ बसले. रडले नाही. जप करते असं दाखवत मनातल्या मनात वृषालीला शिव्या घातल्या. खोटं कशाला सांगू.

बुधवारी सिमेंटचं काम झालं. गुरुवारी कपाटं आत बसवायची, म्हणजे पाया ठेवायचा की कापायचा ते गुरुवारी सकाळीच ठरणार. रणजित सात वाजता ड्यूटीवर गेला.

तो कोपऱ्यावरून वळला तशी मी पोहे टाकले. भरपूर शेंगदाणे, वर खोबरं. दस्तगीरभाऊंच्या पुढं बशी ठेवली, चहा ठेवला आणि समोर पाट घेऊन बसले.

"भाऊ, एक काम सांगते. काम होईपर्यंत रणजितला कळता कामा नये."

त्यांनी बशी खाली ठेवली. "काय झालं, वैनी?"

"पाया कापा."

त्यांनी कानावरची पेन्सिल चाचपली.

"माझ्या मापाचा करा ओटा. रणजित बोलला तर माझ्यावर ढकला. लहान आहे तो, त्याला काय कळतं स्वयंपाकघरातलं? ती पोरगी शाळेत नोकरी करणार. सकाळी जाणार, संध्याकाळी येणार. पोळ्या कोण लाटणार? मीच ना? मग माप कुणाचं पाहिजे?" मी बोलायला लागले ती थांबेचना. "आणि ती वाकेल की जरा. तरुण आहे, खेळाडू आहे. सासरी आल्यावर थोडं वाकायला नको?"

हे शेवटचं बोलल्यावर मला माझीच लाज वाटली. पण शब्द मागं घेतला नाही.

दस्तगीरभाऊंनी हनुवटी खाजवली आणि एकदम हसायला लागले.

"हसायला काय झालं?"

"न्हाई, म्हंजे, तुमी कशाला एवढं तोंड दुखवलं? पाया कापायचाच ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"सूनबाईंनी."

मला समजेना. "कुठली सूनबाई?"

"अवो, तुमची. वृषालीबाई. मंगळवारी दुपारी तुमी डबे द्यायला गेलता तवा शाळेतनं आल्या. मी घण उचललावता, म्हणल्या, थांबा चाचा. टेप मागितली माझ्याकडं. जुना ओटा मोजला आणि भितीवर रेघ मारली. म्हणल्या, नवीन हितंच आला पायजे." ते उठले. "या, दाखवतो."

मी त्यांच्यामागं आत गेले. उघड्या भिंतीवर, खिडकीच्या खाली, पेन्सिलीची एक आडवी रेघ होती. पट्टी लावून मारल्यासारखी सरळ. तिच्या टोकाला लहान अक्षरात लिहिलं होतं, आई.

"काय म्हणाली ती?"

"म्हणल्या, आईंचा जन्म ह्या ओट्यापुढं गेलाय. त्यास्नी पाटावर चढवू नका. मी वाकीन. मला सवय हाय. आणि रणजितला बोलू नका, तो ऐकायचा न्हाई." त्यांनी डोळा मिचकावला. "मी ठरवलंय, रणजितला सांगायचं, पाया कुजलावता, कापावाच लागला."

आता कुणालाही वाटेल की माझं मन तिथंच विरघळलं. दस्तगीरभाऊंनाही तेच वाटत होतं. ते माझ्या तोंडाकडं मोठ्या आशेनं बघत होते.

मला काय वाटलं ते सांगते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मला हवं होतं ते मला मिळालं होतं. पण ते मी मिळवलेलं नव्हतं. ते तिनं दिलं होतं. अजून माप ओलांडून घरात आली नाही, आणि माझं स्वयंपाकघर मलाच दान करून गेली. मला पुढची सगळी वर्षं एका क्षणात दिसली. गल्लीतल्या बायका येणार, एवढी उंच पोर त्या ठेंगण्या ओट्यावर कंबरेत वाकून लाटते आहे हे बघणार. म्हणणार, काय गुणाची सून, सासूसाठी वाकते. आणि सासू? सासू बाजूला उभी. रणजितला आज ना उद्या खरं कळणारच, आणि तो तिच्याकडं कसा बघेल तेही मला दिसलं. डबा काढला तेव्हा पाहिलं होतं तसं. मुलगा तिचा झाला होता, ओटा माझा राहणार होता, पण तोही तिच्या मोठेपणावर. मोठेपणाही तिनंच नेला. मला काय उरलं?

"कापू नका," मी म्हणाले.

"आं?"

"पाया राहू दे. अडतीसच करा."

"वैनी, आत्ताच तर तुमी..."

"मी काय म्हणाले ते विसरा. मी आत्ता सांगते ते ऐका."

"पण का?"

"माझा ओटा आहे. मी सांगते म्हणून."

ते गोंधळून उभे. "पोह्यात काय भांगबिंग घातलीया का, वैनी? पंधरा मिनटात तुमची उंची वाढली?"

मी हसले नाही. हात ओला केला आणि भिंतीवरची ती रेघ पुसायला लागले. पेन्सिल लवकर पुसली जात नव्हती. मी तळहातानं घासत राहिले, 'आई' ही अक्षरं जाईपर्यंत. चुन्याचा पांढरा थर हाताला लागला. मनात एकच होतं. तुझी दया नको मला. मी पाटावर चढेन, स्टूलावर चढेन, शिडीवर चढेन, पण तू माझ्यासाठी वाकलीस हे जन्मभर ऐकणार नाही.

मागं वळले तर दस्तगीरभाऊ चष्मा काढून डोळे पुसत होते.

"वैनी," ते म्हणाले, "एक सून बघितली, सासूसाठी वाकाय निघालेली. आणि एक सासू बघितली, सुनेसाठी रेघ पुसणारी. ह्या मिरजेत चाळीस वर्सं दारं-खिडक्या ठोकतोय, असलं घर न्हाई बघितलं."

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते मी? भाऊ, मी जळून हे करते आहे? त्यांच्या डोळ्यांत आलेलं ते पाणी मी हिसकावून घेतल्यासारखं झालं असतं. मी म्हणाले, "पोहे गार होतील."

कपाटं बसली. वर ग्रॅनाइटचा दगड आला, दुकानातला उरलेला तुकडा, म्हणून अर्धा काळा आणि अर्धा करडा. वरची तीन कपाटंही उंचावरच टांगली. दारांच्या मुठी तीन तऱ्हेच्या. पण घासून पुसून, नवीन बिजागऱ्या लावून ते सगळं उभं राहिलं तेव्हा दिसायला चांगलं दिसत होतं. रणजितनं दारातूनच म्हटलं, "बघितलंस आई? जुनं आहे असं कोण म्हणेल?" मी पाटावर उभी राहून पहिली पोळी लाटली आणि म्हणाले, "कुणी नाही म्हणणार."

लग्न झालं. तिसऱ्या दिवशी पूजा होती आणि आमच्याकडं रिवाज असा की पूजेच्या पुरणपोळ्या नवीन सुनेनं लाटायच्या. पहिल्या पाच तरी. बाहेर पाहुणे भटजींची वाट बघत बसलेले. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. मी पुरण वाटून ठेवलं होतं. मी कोपऱ्यात बसून वेलदोडे सोलत होते आणि डोळ्याच्या कडेनं बघत होते.

वृषाली ओट्यासमोर आली. लग्नाच्या गडबडीत ती अजून ओट्याशी उभीच राहिली नव्हती. तिनं पाय फाकवले, गुडघे थोडे मोडले, कमरेत वाकली आणि मग लाटणं हातात घेतलं. हे सगळं एका दमात, पाठ केल्यासारखं. आणि तिचे हात दगडावर आधीच टेकले. ती तशीच अर्धवट वाकून थांबली. मग हळूहळू सरळ झाली.

"आई, हा उंच आहे," ती म्हणाली.

"हो."

तिनं कोपर दुमडला, खाली चार बोटं धरली. "माझ्या मापाचा आहे. मी चाचांना सांगितलं होतं, पाया..."

"माहीत आहे मला. त्यांनी रेघ दाखवली."

"मग कुणी बदललं?"

"मी."

खरंच बोलले मी. एका अक्षराचंही खोटं नव्हतं त्यात.

ती माझ्याजवळ आली आणि खाली बसायला लागली. बसताना तिनं एक हात ओट्याला धरला, दुसरा कमरेवर ठेवला आणि दात आवळून, मागं टेकत टेकत बसली. बावीस-तेवीस वर्षांची तरणीताठी पोर आणि बसली माझ्या आईसारखी.

"काय गं?"

"आई, एक सांगू? रणजितलाही नाही सांगितलंय मी."

बाहेर कुणीतरी हसलं. तिनं दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"माझ्या मणक्यात गॅप आहे. दोन वर्षांपूर्वी मॅचला खांबावर आदळले होते. डॉक्टरांनी वाकून करायचं काम बंद सांगितलंय. शाळेत मी शिट्टीवरच मुलींना पळवते, स्वतः पळत नाही. घरचे म्हणाले, लग्न होईपर्यंत बोलू नकोस, मोडेल. एक्स-रेसुद्धा मी कोल्हापुरात काढला. मिरजेत काढला असता तर याच्याच हातात आला असता."

"आणि तू रेघ मारून गेलीस? तेहतीस इंचावर?"

"महिनाभर सवय केली मी. खोलीवर बुटकं टेबल आहे, त्यावर रोज वाकून पोळ्या लाटायची. पहिले आठ दिवस रात्री झोपच नव्हती. मग गोळी घ्यायला लागले." ती हसली. "मला वाटलं, सासूबाईंचं सगळं तर मी घेतेच आहे. मुलगा घेतला, घर घेतलं. ओटा तरी त्यांचा त्यांना राहू दे. पण तुम्ही तर..."

 तिनं माझे दोन्ही हात धरले, वेलदोड्याच्या सालांसकट, आणि कपाळाला लावले.

मला आधी काय वाटलं तेही सांगते. रणजितला जे माहीत नाही ते मला माहीत झालं, याचा मला आनंद झाला. आधी तो आनंद झाला. मग तो गुरुवार आठवला. मी त्या सकाळी पोहे करून जे मागितलं होतं ते दस्तगीरभाऊंनी मुकाट्यानं केलं असतं, तर ही पोर चार महिन्यांत अंथरुणाला खिळली असती. आणि वाकताना कण्हली असती तर मी काय म्हटलं असतं? नाटकं आहेत, म्हटलं असतं.

"मला कुणी असं न सांगता ओळखलं नव्हतं," ती म्हणाली. "माझ्या आईनंसुद्धा नाही. कसं कळलं तुम्हाला, आई?"

हीच वेळ होती. ती तिचं सगळं माझ्या पदरात टाकून बसली होती. मी म्हणायला हवं होतं, मला काही कळलं नव्हतं, बाई. तुझा मोठेपणा सहन झाला नाही म्हणून मी रेघ पुसली. शब्द जिभेवर आले होते. पण ती माझ्याकडं अशी बघत होती, जसं माझ्याकडं कुणी कधी बघितलं नव्हतं. यांनी नाही, रणजितनं नाही. ते सोडवेना मला.

"बायकांना कळतं," मी म्हणाले. "ऊठ. पाचच लाट. बाकीच्या मी लाटते."

वर्षभरानं तिनं रणजितला सांगितलं. मी शेजारी बसले होते. तो चिडला, दोन दिवस बोलला नाही, मग स्वतःच तिला घेऊन मोठ्या डॉक्टरांकडं गेला. डबे मी बंद केले नाहीत. अजून सहा वर्षं चालले. ती ओट्यापाशी सरळ उभी राहून लाटायची, मी पाटावर उभी राहून भाजायची. गुडघ्यांनी बोंब मारली तेव्हा कुठं सोडले. सोडताना ती रडली, मी नाही.

या सगळ्याला आता चौदा वर्षं झाली. दस्तगीरभाऊ गेले. त्यांनी जाईपर्यंत ही गोष्ट मिरजेतल्या निम्म्या घरांत सांगितली होती, पोह्यांच्या बशीपुढं मी आधी काय मागितलं होतं तेवढं वगळून. उरलेल्या निम्म्या घरांत वृषाली सांगते. परवा समोरच्या घरात नवीन भाडेकरू आले. त्यातली सून आमचं स्वयंपाकघर बघायला आली आणि म्हणाली, "ओटा बराच उंच आहे तुमचा." वृषालीनं लगेच खुर्ची ओढून तिला बसवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. जुनी कपाटं, पाच इंचाचा पाया, तिनं मारलेली रेघ, आणि मग तिच्या सासूबाई, ज्यांनी एक शब्द न बोलता ओल्या हातानं ती रेघ पुसून टाकली. ती पोर तोंड उघडं टाकून ऐकत होती. वृषालीनं भिंतीवर तळहात फिरवून रेघ कशी पुसली तेही दाखवलं.

मी खिडकीपाशी भाजी निवडत बसले होते. ती सांगते त्या सासूबाई खरंच चांगल्या आहेत. मनातलं ओळखणाऱ्या, स्वतः पाटावर चढून सुनेची कंबर वाचवणाऱ्या. वृषालीचा जीव आहे तो त्यांच्यावर. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली, मीही हलवली, आणि मेथीची जुडी सोडताना मला त्या बाईचा असा हेवा वाटला, जसा वृषालीचाही कधी वाटला नव्हता.